माळ्यावरचा व्हिडिओ गेम आता मॉनिटरवर!

पनवेलच्या अनेक घरांत माळ्यावर नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला व्हिडिओ गेम अजून पडून असेल. कॅसेटला फुंकर मारायची, ती दाबून बसवायची आणि मारिओ सुरू! हे बहुतेक डबे म्हणजे निन्टेंडोच्या 1983 च्या फॅमिकॉमच्या नकला. डबा चालतो, पण जुना टीव्ही कधीच भंगारात गेलेला असतो.

मग मॉनिटरला जोडायचं कसं? नुसती वायर बदलून भागत नाही. हा गेम सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार रेषा पाठवतो, तर व्हीजीए मॉनिटरला किमान साडेएकतीस हजार लागतात. म्हणून मध्ये रेषा दुप्पट करणारा कन्व्हर्टर हवाच.

डब्यावर पिवळी-पांढरी एव्ही पिन असेल तर काम सोपं. फक्त अँटेनाची पिन असेल, तर डबा उघडावा लागतो. आत पत्र्याची छोटी डबी दिसते, तो आरएफ मॉड्युलेटर. चित्र आणि आवाज तिथे एकत्र होऊन टीव्हीच्या चॅनेलवर चढतात. त्याआधीच तीन वायरी सोल्डर करून बाहेर काढायच्या: व्हिडिओ, ऑडिओ, ग्राउंड. सिग्नल फिका आला तर एक ट्रान्झिस्टर लावून जोर वाढवतात.

सामान कुठे मिळेल? लोकलने ग्रँट रोड गाठा, लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं.

एकच हिरमोड: बदकं टिपायची बंदूक मात्र चालणार नाही. तिला जुन्या पिक्चर ट्यूबचाच झगमगाट लागतो.