पेटीची किल्ली पेटीतच राहिली तर?

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथे १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या रुग्णांच्या नोंदी असोत वा आपल्या शाळेचे निकाल, संगणकाची डिस्क बिघडली की सारे जाते. यावर पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातून ‘रेड’ ही कल्पना मांडली. अनेक डिस्क जोडून त्यांची एकच डिस्क भासवायची.

एखादे रजिस्टर घ्या. विषम पाने एका कपाटात आणि सम पाने दुसऱ्यात ठेवली, तर दोघांना एकाच वेळी शोधता येते. हे झाले रेड-०. प्रत्येक पानाची दुसरी प्रत ठेवणे म्हणजे रेड-१. दोन्ही हवे असतील तर चार डिस्कच्या आधी दोन जोड्या करतात, मग त्या जोड्यांची जोडी. लिनक्समध्ये हे काम ‘एमडी’ हे सॉफ्टवेअर करते.

अडचण इथेच येते. लिनक्स आहे जोडलेल्या डिस्कवर, आणि डिस्क जोडणारे सॉफ्टवेअर लिनक्समध्ये! म्हणून ‘इनिटरॅमएफएस’ नावाचा छोटा गठ्ठा बूटलोडरला वाचता येईल अशा साध्या विभागात ठेवतात. तो आधी स्मृतीत येतो. त्यात जोडणीची साधने आणि जोड्यांची यादी असते. ही यादी जुनी असली, किंवा आतल्या जोड्या होण्याआधीच बाहेरची शोधली गेली, तर संगणक अर्ध्यावरच थांबतो.

अशा वेळी माहिती बहुधा शाबूत असते. मात्र क्रम पाळावा:

१. ‘प्रोक’मधील ‘एमडीस्टॅट’ फाइल वाचून कोणती जोडी जुळली ते पाहावे.
२. प्रत्येक डिस्कवर तिच्या गटाची ओळख लिहिलेली असते. ‘एमडीॲडम’च्या ‘एक्झामिन’ आज्ञेने ती तपासावी.
३. ‘असेंबल’ने आधी आतल्या जोड्या, मग बाहेरची जोडी जुळवावी.
४. संगणक सुरू झाल्यावर यादी सुधारून इनिटरॅमएफएस नव्याने बनवावे. नाहीतर पुन्हा तेच होईल.

घाईने ‘क्रिएट’ आज्ञा मात्र देऊ नये. ती डिस्कवरची जुनी ओळख पुसून नवी लिहिते. क्रम चुकला तर माहिती हाती लागणे कठीण.

आणखी एक. चुकून पुसलेली फाइल दोन्ही प्रतींतून त्याच क्षणी जाते. म्हणून रेड असले तरी वेगळी प्रत दुसरीकडे ठेवावीच.

विद्यार्थ्यांना विचारा: चारपैकी एक डिस्क गेली. आता आणखी कोणतीही एक गेली, तर सारे जाण्याची शक्यता किती? (उत्तर: उरलेल्या तिनांपैकी तिची जोडीदारच घातक, म्हणून १/३.)