बरणीतला साप: नमुने, नोंदी आणि गैरसमज

आशियातल्या सापांची शास्त्रीय नावे जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांना बांधलेली आहेत. बरणीत अल्कोहोल, त्यात वेटोळे घातलेला साप आणि त्याच्या अंगाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक, गावाचे किंवा प्रांताचे नाव, नमुना देणाऱ्याचे नाव आणि नशीब असेल तर तारीख. नव्या जातीचे वर्णन करणारा अभ्यासक त्या जातीसाठी एक नमुना मुक्रर करतो. त्याला टाइप नमुना म्हणतात. अमुक नाव नेमके कोणत्या सापाचे, असा वाद पुढे कधी निघाला तर तो या एका नमुन्यापाशी येऊन मिटतो.

‘टाइप’ या शब्दामुळे हा नमुना त्या जातीचा आदर्श असणार, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो पिल्लू असू शकतो, शेपूट तुटलेला असू शकतो, जातभाईंपेक्षा चांगलाच वेगळाही असू शकतो. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड जे काम करतो तेच त्याचे काम. दगड देखणा आहे की ओबडधोबड, हे कोणी विचारत नाही. तो जागचा हललेला नाही ना, एवढेच पाहतात. जातीचे खरे चित्र उभे करायला मात्र नर, मादी, पिल्ले, निरनिराळ्या गावांचे साप असे अनेक नमुने लागतात. बऱ्याच जातींत मादीच्या पोटाखालचे खवले नरापेक्षा जास्त आणि नराची शेपूट मादीपेक्षा लांब असते. हे ध्यानात न घेता दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर नवरा-बायको दोन वेगळ्या जातींचे भासतात.

दुसरा समज असा की, ज्याने नाव दिले त्याने तो साप पाहिलेला असतोच. महाराष्ट्रातल्या मुलांना पाठ असलेले चार विषारी साप घेतले, तरी हे खरे ठरत नाही. नागाला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिले. उरलेले तिघे, म्हणजे मण्यार, घोणस आणि फुरसे, एकाच पुस्तकातून शास्त्रात आले. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ म्हणून विशाखापट्टणमला होता. विषारी साप कोणते आणि बिनविषारी कोणते हे लोकांना ओळखता यावे, यासाठी त्याने किनारपट्टीवरचे साप जमवले, त्यांची चित्रे काढवून घेतली, कोंबड्या-कुत्र्यांवर विषाचे प्रयोग केले आणि १७९६ मध्ये पहिला खंड छापला. त्याने लॅटिन द्विनामे दिली नाहीत. लोक जे म्हणत तेच त्याने कानाला आले तसे लिहिले: फुरशाला ‘होरट्टा पाम’, घोणसाला ‘कातुक रेकुल पोडा’, मण्यारीला ‘गेडी पारागुडू’.

ही चित्रे जर्मनीत योहान गॉटलोब श्नायडरच्या हाती पडली. श्नायडर मूळचा ग्रीक भाषेचा पंडित, कोशकार. भारतात तो कधी आला नाही. १८०१ मध्ये त्याने रसेलच्या चित्रांवरून मण्यार आणि फुरसे या दोघांना शास्त्रीय नावे दिली. बंगारस हे मण्यारींच्या वंशाचे नावही रसेलने नोंदवलेल्या ‘बंगारम पामा’ या स्थानिक नावावरून आले आहे. अशा वेळी टाइप म्हणून चित्र धरत नाहीत, चित्रात उतरलेला तो प्राणी धरतात. मग तो आज कुठे शिल्लक असो वा नसो. घोणसाला १७९७ मध्ये शॉ आणि नॉडर यांनी रसेलचेच नाव दिले, पण लिहिताना एक ‘एल’ गाळला. रसेलच्या आडनावात दोन, सापाच्या नावात एक. नंतरच्या कित्येक लेखकांनी ती चूक परस्पर सुधारली, तरी नियमाप्रमाणे पहिले स्पेलिंगच ग्राह्य आहे.

जुन्या नोंदी म्हणजे साहेबांच्या फुरसतीचे उद्योग, असाही एक सूर ऐकू येतो. त्यात तथ्य थोडे आहे, पण या नोंदींतले बरेचसे ज्ञान साहेबांचे नव्हतेच. रसेलच्या पुस्तकातली नावे विशाखापट्टणमच्या आसपास साप पकडणाऱ्या, पाहणाऱ्या लोकांची आहेत, आणि आज चित्रातला साप ओळखताना त्या नावांचा आधार होतो. फ्रँक वॉल हा लष्करी डॉक्टर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून भारतीय सापांवर लेखमाला लिहीत होता. पोटात काय सापडले, अंडी किती होती, कोणत्या महिन्यात पिल्ले दिसली, हे तो बारकाईने टिपून ठेवी. बरणीतल्या सापाला हे विचारता येत नाही.

धामण ही नागाची मादी, ही समजूत गावोगावी आहे. गंमत अशी की लिनियसनेही १७५८ मध्ये दोघांना एकाच ‘कोलुबर’ वंशात घातले होते. त्याच्याकडे सापांसाठी जेमतेम सहा वंश होते आणि त्यातल्या एकात तर बेडकांचे पाय नसलेले नातलग होते. साप वेगळे करायला तो मुख्यतः पोटाखालचे आणि शेपटीखालचे खवले मोजी. आज नाग आणि धामण निराळ्या कुळांत आहेत. धामणीच्या नावात अलीकडे आणखी एक बदल झाला, पण त्याला जीवशास्त्रीय कारण काहीच नव्हते. ‘टायास’ हे वंशनाम व्याकरणाने स्त्रीलिंगी ठरले, म्हणून ‘म्युकोसस’चे ‘म्युकोसा’ झाले. जुन्या-नव्या पुस्तकांत दोन नावे दिसली की वाचकाला दोन साप वाटतात. साप तोच, विशेषण तेवढे बदलले.

सर्वांत चिवट गैरसमज रंगाचा. साप रंगावरून ओळखतात असे मानले, तर बरणीपुढे उभे राहून काहीच कळणार नाही. हिरवे साप अल्कोहोलमध्ये काही काळाने निळे पडतात. त्यांचा हिरवा रंग म्हणजे कातडीतल्या सूक्ष्म रचनेमुळे परावर्तित होणारा निळा आणि त्यावरचे पिवळे रंगद्रव्य यांचा मेळ. अल्कोहोलमध्ये पिवळे विरघळून जाते, निळे उरते. हरणटोळाची बरणी प्रथम पाहणारा हमखास फसतो.

म्हणून मोजणी खवल्यांची. अंगाच्या मध्यावर, पोटाच्या रुंद पट्टीच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत, भिंगाखाली सुईच्या टोकाने एकेक ओळ मोजत जायचे. मण्यारीत साधारणपणे पंधरा ओळी भरतात. पाठीच्या कण्यावरची ओळ मोठ्या, षटकोनी खवल्यांची असते आणि शेपटीखालचे खवले अखंड असतात. घराघरांत सापडणारा बिनविषारी कवड्या मण्यारीसारखाच पट्टेरी दिसतो, पण त्याच्या पाठीवर षटकोनी ओळ नसते आणि शेपटीखालचे खवले जोडीने असतात. हा फरक पुस्तकी नाही. २००१ मध्ये उत्तर म्यानमारच्या मोहिमेवर असलेले अमेरिकी सर्पतज्ज्ञ जोसेफ स्लोविन्स्की मण्यार चावून मरण पावले. तो साप कवड्याच्या जवळच्या नात्यातला, मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप आहे, असा समज झाला होता.

आकडे तरी पक्के असतात, असे म्हणावे तर तेही जपूनच. पोटाखालचा पहिला खवला कोणता धरायचा, यावर पूर्वी एकमत नव्हते. हर्नडन डाउलिंग यांनी १९५१ मध्ये मोजण्याची एक ठरावीक पद्धत सुचवली. त्याआधीच्या ग्रंथातला आकडा आणि आजचा आकडा यांत दोन-चारांचा फरक आढळला, तर जात वेगळी म्हणण्याआधी बरणी उघडून पुन्हा मोजावे लागते.

रंगाने आणि खवल्यांनीही दगा द्यावा, असे उदाहरण हिरव्या चापड्यांचे आहे. रसेलच्या ‘बोद्रू पाम’ या चित्रावरून शॉने १८०२ मध्ये ‘ग्रामिनियस’ हे नाव दिले. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या सूचीच्या १८९६ च्या खंडात जॉर्ज बूलांजे यांनी भारतापासून चीनपर्यंतचे हिरवे चापडे बहुतांशी याच एका नावाखाली आणले. बूलांजे यांचे काम एरवी इतके नेटके आहे की त्यांची सूची आजही हाताशी लागते, पण इथे एका नावाच्या पोतडीत अनेक साप कोंबले गेले. क्लिफर्ड आणि सारा पोप यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कहून ही पोतडी उपसली. त्यांना उपयोगी पडला तो नराच्या शेपटीच्या बुडाशी आत ओढलेला जननेंद्रियाचा जोड. एका जातीत तो आखूड आणि काटेरी, दुसरीत लांब आणि बिनकाट्यांचा. बाहेरून मात्र दोघेही सारखेच हिरवे. ‘ग्रामिनियस’ हे नाव आज भारतीय द्वीपकल्पातल्या बांबू चापड्यापुरते उरले आहे.

चिठ्ठीवरचे शब्द प्रमाण मानण्यातही धोका आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या अनेक टाइप नमुन्यांचे क्रमांक १९४६ या आकड्याने सुरू होतात. ते साप १९४६ मध्ये पकडलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर टाइप नमुन्यांची नव्याने नोंदणी झाली, त्या वर्षाचा हा शिक्का. आत एखादा साप १८६४ च्या पुस्तकातला निघतो. ठिकाणांचे तर विचारूच नये. ‘ईस्ट इंडीज’, ‘बंगाल’, ‘डेक्कन’ एवढ्यावर काम भागवलेले असते, आणि कधी कधी जहाज जिथून निघाले त्या बंदराचेच नाव सापाचे गाव म्हणून चिकटते. युरोपेल्टिस सिलॅनिका या शेपूट-ढालीच्या, बिळात राहणाऱ्या सापाच्या नावात सिलोन आहे, पण तो श्रीलंकेत आढळतच नाही. तो आपल्या सह्याद्रीतला. नाव १८२९ चे, ते आता बदलता येत नाही, कारण शास्त्रीय नाव खरे बोलले पाहिजे असा नियमच नाही. याच नावाखाली गाडली गेलेली आणखी एक जात, सर्पतज्ज्ञ गुंथरने १८६४ मध्ये ‘डेक्कन’च्या सापांवरून वर्णन केलेली युरोपेल्टिस बायकॅटेनाटा, २००८ मध्ये पुन्हा स्वतंत्र म्हणून उभी राहिली. जुने टाइप नमुने आणि उत्तर सह्याद्रीतले ताजे साप शेजारी ठेवल्यावर फरक दिसला.

वर्तमानपत्रात ‘सापाची नवी जात सापडली’ असे वाचले की डोळ्यांपुढे गर्द जंगल आणि टॉर्च येतो. तसेही घडते, पण बऱ्याचदा तो साप आधीपासून लोकांना दिसत असतो, बरण्यांत चुकीच्या चिठ्ठीखाली पडून असतो. २०१६ मध्ये वर्णन झालेला मेलॅनोफिडियम खैरेई, ज्याला पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव मिळाले, आणि २०१७ चा ऱ्हाब्डॉप्स अॅक्वाटिकस ही दोन्ही उदाहरणे महाराष्ट्र-गोव्याच्या घाटांतली आहेत. दोन्ही साप तोवर रिचर्ड बेडोम या मद्रासच्या वन अधिकाऱ्याने १९व्या शतकात दिलेल्या नावांखाली वावरत होते. बेडोमचे साप दक्षिणेकडचे. उत्तरेकडचे त्यांच्यासारखे दिसले म्हणून तीच नावे ओढून आणली गेली. दुसरा साप तर ओढ्यांत आणि पावसाळ्यात पाणी साठणाऱ्या सड्यांवर राहतो. गावकऱ्यांना तो काही नवा नव्हता.

डीएनए आल्यावर बरण्यांचे काम संपले, हा त्यातल्या त्यात नवा गैरसमज. नागराजाची हकिगत याच्या उलट आहे. थिओडोर कँटर यांनी १८३६ मध्ये त्याला ‘हॅमाड्रायस हॅना’ म्हटले. ते वंशनाम आधीच एका फुलपाखराला दिलेले असल्यामुळे गुंथरने सुचवलेले ‘ओफिओफॅगस’ रूढ झाले. पश्चिम घाटापासून फिलिपाइन्सपर्यंत नागराजाची एकच जात मानत होते. २०२१ मध्ये डीएनएवरून चार वेगळ्या शाखा असल्याचे दिसले. पण कोणत्या शाखेला कोणते नाव, हे डीएनए सांगत नाही. दोनशे वर्षांत कोणी कुठल्या सापाला काय म्हणून ठेवले आहे, ते नमुने कुठले, त्यांची लक्षणे कोणत्या शाखेशी जुळतात, हे तपासूनच ते ठरते. श्लेगेलने १८३७ मध्ये दिलेले ‘बंगारस’ हे जातिनाम (मण्यारींच्या वंशाचेही नाव तेच) ‘हॅना’चे दुसरे नाव म्हणून बाजूला पडले होते. २०२४ मध्ये ते मलाया आणि इंडोनेशियाकडच्या नागराजासाठी पुन्हा वापरात आले. नवे नाव फक्त दोघांना लागले: फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावरचा साल्वाटाना आणि पश्चिम घाटातला कालिंगा. गोव्यातला नागराज हा दुसरा.

शिवाय जुन्या नमुन्यांतून डीएनए काढणे सोपे नाही. १८९० नंतरच्या काळात फॉर्मॅलिनचा वापर पसरला. त्यात मांस छान घट्ट होते, पण डीएनएचे तुकडे होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या सापांतूनही आता उपयोगी धागे मिळू लागले आहेत. मात्र बरणीच नसेल तर काही मिळत नाही. एडवर्ड टेलर यांनी वर्णन केलेल्या फिलिपाइन्समधल्या अनेक प्राण्यांचे टाइप नमुने मनिलाच्या संग्रहासह १९४५ च्या लढाईत नष्ट झाले. अशा ठिकाणी गरज पडल्यास मूळ जागेजवळचा नवा नमुना त्याच्या जागी नेमतात, आणि मूळ जागा शोधायला पुन्हा जुन्या वर्णनाचाच आधार घ्यावा लागतो.

नाव बदलले की विष बदलले, असेही कोणी मानू नये. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध आहे, आणि एकाच जातीचे विषही प्रदेशागणिक थोडेफार बदलते. नावातला फेरफार हा त्यातला लहान भाग. हरणटोळाचेच घ्या. २०२० पर्यंत भारतातला हरणटोळ ‘अहेतुल्ला नासुटा’ म्हणून ओळखला जाई. आता ते नाव श्रीलंकेतल्या सापापुरते राहिले असून उत्तर सह्याद्रीतल्या एका हरणटोळाला ‘बोरिॲलिस’ म्हणतात. कोकणात त्याला अजून हरणटोळच म्हणतात.