टेल्को ते मुक्तांगण: अरविंद गुप्ता यांची वाटचाल

आयआयटी कानपूरमधून 1975 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेला तरुण पुण्यात टेल्कोत लागला, यात तेव्हा नवल नव्हतं. घर बरेलीचं, आईवडील शाळेची पायरी न चढलेले. अशा घरातल्या मुलानं ट्रकच्या कारखान्यातली पक्की नोकरी घट्ट धरून ठेवावी, असंच कुणालाही वाटलं असतं. पण अरविंद गुप्ता यांच्या मनात कॉलेजात ऐकलेलं अनिल सद्गोपाल यांचं भाषण घर करून होतं. टीआयएफआरमधलं संशोधन सोडून सद्गोपाल मध्य प्रदेशातल्या खेड्यात काम करायला गेले होते. 1978 मध्ये गुप्तांनी टेल्कोतून वर्षभराची रजा घेतली आणि होशंगाबाद जिल्हा गाठला.

तिथला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झाला होता. 1978 मध्येच तो जिल्हाभर पसरला. प्रयोग मुलांनी करायचा, निष्कर्षही त्यांनीच काढायचा, आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला मुभा. दिल्ली विद्यापीठातले विज्ञानाचे प्राध्यापक या कामात मनापासून उतरले होते. विद्यापीठातल्या माणसानं सहावीच्या गुरुजींच्या शेजारी बसून प्रयोग करावा, हे आपल्याकडे किती दुर्मीळ! सरकारनं 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला. ते मोठं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

गुप्तांना त्यांची वाट तिथल्या आठवडी बाजारात सापडली. सायकलच्या वॉल्वट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा आणि दोन्हीकडून आगकाडी खुपसायची. झाला लवचीक सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलाच्या बोटांना तिथंच कळतं.

त्यांची मोटर तर मला त्याहून आवडते. टॉर्चचा सेल, त्याच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर चिकटलेला चकतीसारखा लोहचुंबक आणि पिनांच्या भोकांत अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. खुबी तारेच्या टोकांत आहे. एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं एक बाजू राखून. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात प्रवाह थोडा वेळ तुटतो. तो तुटला नाही, तर वेटोळं फिरायच्या ऐवजी जागच्या जागी झुलतं. कारखान्यातल्या डीसी मोटरमध्ये हे काम कम्युटेटर करतो. गुप्तांनी पुढे नोकरी सोडली, पण इंजिनिअरिंग सोडलं असं कुणी म्हणू नये. कमीत कमी सामानात, कमीत कमी पैशांत नेमकं काम करणारी वस्तू घडवणं, हेच तर इंजिनिअरिंग!

आगकाड्यांच्या खेळण्यांचं त्यांचं पहिलं पुस्तक बारा भाषांत गेलं आणि त्याच्या पाच लाखांवर प्रती खपल्या. पुस्तकांचा नाद तर जबरदस्त. स्वतः लिहिली, शेकडो हिंदीत आणली, आणि इतरांची मिळवून स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत खुली केली. 2003 च्या सुमारास ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. पुलंच्या नावानं मिळालेल्या देणगीतून उभी राहिलेली ही जागा. तिथं त्यांनी सहकाऱ्यांसह कचऱ्यातून खेळणी घडवली, त्यांच्या छोट्या फिल्म केल्या, त्या मराठीसह अनेक भाषांत नेल्या. 2014 मध्ये ते तिथून निवृत्त झाले, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या कितीतरी शाळांत आजही प्रयोगाचं साहित्य फुटेल म्हणून कपाटात बंद असतं. गुप्तांची खेळणी मोडली तरी दहा मिनिटांत पुन्हा होतात. शिक्षकांनो, पालकांनो, या रविवारी एक सेल आणि दोन सेफ्टी पिना मुलांच्या हातात द्या. तार मात्र त्यांनाच खरवडू द्या.