ऑनलाइन शिक्षणाविषयी मुलांनी दिलेला कौल

२०२० च्या जूनमध्ये ज्यांनी आठवीत प्रवेश केला, परंतु ज्यांना आठवीचा वर्ग त्या वर्षी क्वचितच पाहावयास मिळाला, ती मुले आता पदवीच्या वर्गात येऊन बसली आहेत. त्या दिवसांचा विषय निघाला की ती दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी सांगतात. मोबाइलवरील ती शाळा म्हणजे शिक्षण नव्हे, केवळ हजेरी होती, असे त्यांचे एकमुखी मत असते. मात्र वर्गात समतृप्ती वक्र नीट कळला नाही, तर हीच मुले रात्री त्याच मोबाइलवर त्याचे स्पष्टीकरण शोधून पाहतात आणि दुसऱ्या दिवशी अधिक नेमका प्रश्न विचारतात.

या दोन गोष्टींतील एकेकच हाती धरून वडीलधारी मंडळी दोन टोकांचे निष्कर्ष काढतात. मुलांना मोबाइल आवडतो, तेव्हा शाळाच त्यावर न्यावी, असे एका पक्षाचे म्हणणे. मोबाइलने मुले बिघडली, तेव्हा तो शिक्षणातून हद्दपार करावा, असे दुसऱ्याचे. मुलांचे खरे म्हणणे दोघांनीही ऐकलेले नाही. अर्थशास्त्रात पूरक वस्तू आणि पर्यायी वस्तू असा एक साधा भेद शिकविला जातो. साखर चहाला पूरक असते, कॉफी चहाला पर्यायी. पडदा शिक्षकाला पूरक म्हणून आला तर मुलांना तो हवा आहे. शिक्षकाला पर्याय म्हणून आला तर नको आहे. मुलांच्या वृत्तीत विसंगती नाही. विसंगती आहे ती आपल्या प्रश्नात.

प्रथम पर्यायाचा अनुभव पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार ग्रामीण भागातील केवळ १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. संगणक होता ४.४ टक्के कुटुंबांत. या पायावर २०२० मध्ये रातोरात ऑनलाइन शाळेचा डोलारा उभारण्यात आला. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदी अभ्यासकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधून सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली, तेव्हा नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले ग्रामीण भागात अवघी ८ टक्के आणि शहरी भागात २४ टक्के आढळली. घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे, हेही तेव्हा दिसले. 'असर'च्या २०२१ च्या अहवालानुसार ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आला होता. परंतु त्यांतील सुमारे चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जातो. तो घरी राहिला तर थोरल्याच्या परीक्षेचा मान पहिला, आणि मुलीची पाळी बहुधा शेवटी. जेथे निवडीला वावच नव्हता तेथे मुलांना हे शिक्षण आवडले की नावडले, असे विचारणे व्यर्थ आहे.

तथापि सारा दोष उपकरणांच्या टंचाईचा होता असे मानणेही चुकीचे ठरेल. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली, स्वतंत्र संगणक आणि अखंड वीज होती, ती मुलेही कॅमेरा बंद करून निघून जात होती. कारण वर्ग म्हणजे केवळ पाठाचे प्रसारण नव्हे. मागच्या बाकावरील मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून शिक्षक तेच गणित दुसऱ्या रीतीने मांडतो; शेजारचा मुलगा हळूच उत्तराची दिशा दाखवितो; मधल्या सुटीत खिचडी मिळते आणि भांडण व समेट दोन्ही होतात. यातील काहीच पडद्यावरून येत नव्हते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के होता. सर्वांनाच मिळालेल्या प्रमाणपत्राचे मोल किती, हे ओळखण्याइतकी दहावीची मुले शहाणी असतात.

शाळा उघडल्यानंतर मुलांनी काय केले, हा त्यांच्या वृत्तीचा अधिक विश्वसनीय पुरावा होय. मुले मोठ्या प्रमाणावर शाळा सोडतील ही भीती खोटी ठरली. 'असर'नुसार ग्रामीण भागातील ६ ते १४ वयोगटाची पटनोंदणी २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, ती २०२२ मध्ये ९८.४ टक्के झाली. मुले परतली, पण काही गमावून परतली: दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण याच काळात २७.३ वरून २०.५ टक्क्यांवर आले. बाजारानेही असाच कौल दिला. केवळ पडद्यावर शिकवणी विकणाऱ्या 'अनॲकॅडमी'सारख्या कंपनीला २०२२ मध्ये कोट्यात प्रत्यक्ष वर्ग उघडावे लागले. ज्याच्याकडे पैसा होता त्या ग्राहकाने पुन्हा बाक, फळा आणि समोर उभा असलेला शिक्षकच मागितला.

आता पूरक वापराची बाजू पाहू. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतील ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. आपण ७६ चा आकडा पाहून हळहळतो. परंतु शाळा उघडी असताना, फोनवर हजेरी घेणारे कोणी नसतानाही निम्म्याहून अधिक मुले अभ्यासासाठी त्याकडे वळतात, ही गोष्ट क्षुल्लक नाही. अर्थात येथेही समता नाही: फोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींत हे प्रमाण २६.९ टक्केच होते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ऑनलाइन वर्ग हे आता प्रशासनाच्या हाताशी असलेले सोपे साधन झाले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात हवा दूषित झाली तेव्हा दिल्लीतील शाळा पुन्हा पडद्यावर गेल्या. आपत्तीत ते क्षम्य आहे. परंतु अल्प पटाच्या शाळांचा खर्च परवडत नाही, ही कुरकुर आपल्याकडे जुनीच आहे. अशा शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचा विचार राज्याच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये मांडला होता. उद्या डोंगरातल्या वाडीवर शिक्षक नेमण्याऐवजी एक पडदा टांगावा, असा त्याहूनही स्वस्त मार्ग कोणाला सुचणारच नाही, याची हमी कोण देणार? तो पडदा गरिबांच्या मुलांच्या वाट्याला येईल आणि शिक्षक मात्र फी भरू शकणाऱ्यांच्या.

या बाबतीत आपल्याला अर्धशतकापूर्वीचा धडा उपलब्ध आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी होते, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही त्याच माध्यमाचा उपयोग करण्यात आला. शिक्षकाला वगळावे हा त्यामागील हेतू नव्हता. त्याला अधिक सज्ज करावे हा होता. वर्ष संपले, उपग्रह गेला. शाळेत शिक्षक राहिला.

यास्तव क्रम स्पष्ट असावा. प्रथम रिक्त पदे भरावीत. मग प्रत्येक शाळेत मुलांना, विशेषतः मुलींना, शाळा सुटल्यावर वापरता येतील अशी उपकरणे ठेवावीत. आणि न कळलेला पाठ मूल आपल्या सवडीने पुन्हा पाहू शकेल, असे मराठीतील चांगले पाठ शिक्षकांकडूनच तयार करवून घ्यावेत. यातून होणारा खर्च मोठा असेल, पण पडदा टांगून वाचविलेल्या पैशाची परतफेड पुढे त्या मुलांनाच आयुष्यभर करावी लागेल. पर्याय म्हणून आलेल्या पडद्याची परीक्षा दीड वर्षाहून अधिक काळ घेऊन मुलांनी आपला निकाल दिला आहे. तो वाचण्यापुरते तरी साक्षर आपण असले पाहिजे.