आईवडिलांच्या नावाने छापलेला ग्रंथ

आपल्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, भन्तेजींचे प्रवचन होते, जमलेले लोक आठवणी सांगतात. आणि निघताना घरातला मुलगा किंवा सून प्रत्येकाच्या हाती एक लहानशी वंदनेची पुस्तिका ठेवते. तिच्या मागल्या पानावर लिहिलेले असते : ‘कालकथित आईच्या स्मृतिप्रीत्यर्थ, मोफत वाटपासाठी.’ पुस्तिकेची किंमत असेल दहा-वीस रुपये. आपण ती पिशवीत टाकतो आणि घरी येतो.

वाचकहो, हीच गोष्ट चीन देशात एका मुलाने इ. स. ८६८ साली केली होती. त्याने वाटलेल्या ग्रंथाची एक प्रत आजही शाबूत आहे. छपाईची तारीख ज्यावर नोंदलेली आहे असा जगातला सर्वांत जुना छापील ग्रंथ म्हणून विद्वान तिच्याकडे बोट दाखवतात. आणि हा ग्रंथ आहे तथागतांच्या धम्माचा!

काय आहे हा ग्रंथ?

त्याचे नाव ‘वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्र’. महायान परंपरेतले हे सूत्र मूळ संस्कृतातले. श्रावस्तीच्या जेतवनात भगवान बुद्ध आणि वृद्ध भिक्खू सुभूती यांच्यात झालेला संवाद त्यात आहे. कशालाही चिकटून राहू नका, ‘मी’ आणि ‘माझे’ यांची गाठ सोडा, हा त्याचा गाभा. मोठमोठ्या संपत्तीच्या दानापेक्षा या शिकवणुकीच्या चार ओळी दुसऱ्याला समजावून देणे श्रेष्ठ, असेही त्यात सांगितले आहे. सोने-नाणे थोड्यांकडेच असते. चार ओळी मात्र कोणीही देऊ शकतो.

हे सूत्र चिनी भाषेत आणले कुमारजीव या भिक्खूने. त्याचे वडील भारतातले, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. ही आई पुढे स्वतः भिक्खुणी झाली. इ. स. ३८४ च्या सुमारास एका चिनी सेनापतीने कुचा जिंकले आणि कुमारजीवाला कैद करून नेले. सुमारे सतरा वर्षे तो परमुलखात अडकून पडला. पण ती वर्षे त्याने वाया जाऊ दिली नाहीत. चिनी भाषा आत्मसात केली. इ. स. ४०१ मध्ये तो चांगआन या राजधानीत पोहोचला आणि मोठ्या भिक्खू-मंडळाला सोबत घेऊन भाषांतराच्या कामाला लागला. त्याची भाषा इतकी सोपी आणि गोड की त्यानंतर इतरांनी भाषांतरे केली, तरी लोकांच्या ओठी त्याचीच राहिली. छापला गेला तोही कुमारजीवाचाच पाठ.

बादशहाचा घाला

तांग घराण्याचे साम्राज्य (६१८ ते ९०७) हे त्या काळच्या जगातले एक बलाढ्य राज्य होते. त्या राज्यात धम्म फुलला. पण इ. स. ८४५ मध्ये वूझोंग या सम्राटाने बौद्ध धम्मावर घाला घातला. धम्म परदेशी आहे, विहार कर देत नाहीत, भिक्खू शेतात राबत नाहीत, अशी कारणे पुढे केली गेली. विहारांची जमीन आणि धातू सरकारी खजिन्याला हवेच होते. राजदरबारी नोंदीप्रमाणे ४,६०० हून अधिक विहार आणि सुमारे ४०,००० लहान पूजास्थाने पाडली गेली. २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवायला लावले. मूर्ती वितळवून त्यांची नाणी पाडली.

पुढच्याच वर्षी, ८४६ मध्ये, वूझोंग मरण पावला आणि नव्या सम्राटाने तो हुकूम मागे घेतला. पण इमारत पाडायला एक दिवस पुरतो, उभी करायला पिढ्या लागतात. एका विहारात एकच हस्तलिखित असेल तर ते विहाराबरोबर जळते. शेकडो घरांत शेकडो प्रती असतील तर कोणता बादशहा त्या शोधत फिरेल?

वांग जिये नावाचा मुलगा

या घाल्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी आपला ग्रंथ छापला गेला. शेवटी छोटीशी नोंद आहे. तिचा आशय असा, की वांग जिये याने आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वांना मोफत वाटण्यासाठी, हा ग्रंथ आदरपूर्वक करविला. तारीख आहे चौथ्या चांद्रमासातील पंधराव्या दिवसाची, म्हणजे ११ मे ८६८. आपल्याकडे वैशाखी पौर्णिमा येते त्याच दिवसांतली!

छपाईची रीत कष्टाची होती. पातळ कागदावर मजकूर लिहायचा, तो कागद लाकडी फळीवर उलटा चिकटवायचा आणि अक्षरे सोडून बाकीचे लाकूड कोरून काढायचे. मग फळीला काजळीची शाई लावायची, वर कागद ठेवून ब्रशने घासायचा. सात कागद जोडून ही सुमारे पाच मीटर लांबीची गुंडाळी झाली. सुरुवातीला जेतवनात सुभूतीला उपदेश करणाऱ्या बुद्धांचे चित्र आहे. ते इतके सफाईदार आहे, की ही कला तेव्हा नवखी नव्हती हे उघड दिसते. फळी कोरणाऱ्या कारागिराचे नाव मात्र नोंदीत नाही. युरोपात गुटेनबर्गचे बायबल छापले गेले १४५५ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षांनी.

भिंतीआड नऊशे वर्षे

वाळवंटाच्या कडेला तुनहुआंग येथे शेकडो बौद्ध लेणी आहेत. त्यांतली एक लहान खोली अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत घालून बंद केली गेली. आत हजारो ग्रंथ होते. इ. स. १९०० मध्ये लेण्यांची देखभाल करणाऱ्या एका ताओपंथी साधूला ती सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाईन तेथे पोहोचला आणि थोड्या रकमेच्या मोबदल्यात हजारो ग्रंथ घेऊन गेला. त्यांत हाही होता. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चिनी लोकांना ही सल अजून आहे, आणि ती रास्तच आहे.

आपले नाते

आईवडिलांसाठी धम्मदान ही रीत आपल्याला परकी नाही. कान्हेरीच्या दानलेखांत आईवडिलांची आठवण कोरलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. आणि मोफत ग्रंथदानाची ती परंपरा आजही जिवंत आहे. तैवानमधील एका बौद्ध संस्थेने बाबासाहेबांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ मोफत वाटपासाठी छापला आणि तो आपल्या लोकांच्या हाती आला.

वांग जिये कोण होता, काय काम करीत होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. त्याच्या आईवडिलांची नावेही कळत नाहीत. पण त्याने तीन गोष्टी लिहून ठेवल्या : कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या दिवशी. म्हणून साडेअकराशे वर्षांनी आपण त्याच्या आईवडिलांविषयी बोलतो आहोत.

तेव्हा पुढच्या पुण्यानुमोदनाला पुस्तिका छापाल तेव्हा आईचे पूर्ण नाव घाला, तिचे गाव घाला, तारीख-साल घाला. आणि कोणी आपल्याला अशी पुस्तिका दिली तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्या. चार ओळी वाचल्या तरी चालेल.