जमिनीवर उडणारें विमान

जागचें मुळींच न हलणारें विमान वैमानिकास उडावयास शिकवितें, हें ऐकून आमच्या कित्येक बालवाचकांस नवल वाटेल. १९२९ सालीं अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एड लिंक नामक तरुणानें असें एक यंत्र सिद्ध केलें. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता; तेथल्याच भात्यांनीं त्यानें आपलें लांकडी विमान डोलतें केलें. आज अशा यंत्रास सिम्युलेटर म्हणतात, आणि त्याचा जीव संगणकांतील गणितांत असतो.

वैमानिकानें दांडा मागें ओढला, कीं पंखाचा वाऱ्याशीं होणारा कोन वाढतो. त्या कोनास पंख किती उचल देईल? वेग दुप्पट झाल्यास उचल चौपट होते, इतकें सूत्र सांगतें. परंतु प्रत्येक कोनाचा आंकडा वेगळा. तो वातबोगद्यांत, म्हणजे वेगाचा वारा सोडलेल्या नळकांड्यांत, विमानाची प्रतिकृति ठेवून मोजावा लागतो व मग खऱ्या उड्डाणांत पडताळावा लागतो. हे आंकडे कोष्टकांत मांडितात. संगणक दर सेकंदास अनेक वेळां तें कोष्टक पाहून वजन, उचल, हवेचा विरोध व इंजिनाचा जोर यांचा हिशेब करितो आणि पुढील क्षणीं विमान कोठें असेल तें ठरवितो.

अडचण पुढेंच आहे. कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला म्हणजे बहुतेक पंखांवरील वारा पाठ सोडून विस्कटतो व उचल ढांसळते. ह्यास स्टॉल म्हणतात. प्रवासी विमान मुद्दाम तेथें खोलवर नेऊन मोजमाप घेणें धोक्याचें. म्हणून कोष्टकाचीं शेवटचीं घरें बहुधा अंदाजानेंच भरलीं जात. परीक्षेंत आम्हींही अशीं उत्तरें लिहिलीं आहेत. पण तेथें गेले ते केवळ गुण.

१ जून २००९ रोजीं रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचीं वेगमापक यंत्रें बर्फानें चोंदलीं. विमान स्टॉल झालें. अशा वेळीं नाक खालीं करावयाचें असतें. पण दांडा बहुतेक वेळ मागेंच ओढलेला राहिला आणि सुमारें ३८,००० फुटांवरून तें समुद्रांत कोसळलें. २२८ माणसें गेलीं. त्याच वर्षीं फेब्रुवारींत अमेरिकेंत बफेलोजवळ असाच अपघात झाला होता. पुढें अमेरिकेनें नियम केला, कीं मार्च २०१९ पासून तेथील विमानकंपन्यांच्या वैमानिकांनीं सिम्युलेटरांत पुऱ्या स्टॉलचा सराव केलाच पाहिजे.

मग तीं शेवटचीं घरें नव्यानें भरणें प्राप्त झालें. आतां स्टॉल प्रत्यक्ष अनुभवलेले वैमानिक यंत्रांत बसून, येथें थरथर कमी पडते, येथें पंख लवकर कलतो, असें सांगतात व त्याप्रमाणें आंकडे पुन्हां बदलण्यांत येतात.