चौथ्या मजल्यावरचं ग्रिल

सोसायटीच्या कमिटीत बसलं की तक्रारअर्ज वाचायची नजर तयार होते. अर्जात लिहिलेलं असतं एक आणि खुपत असतं भलतंच. ठाण्यातल्या आमच्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या अर्जाचा विषय होता, ‘इमारतीच्या दर्शनी भागाचे विद्रूपीकरण’. वरच्या बिऱ्हाडाने कमिटीला न विचारता खिडकीला बॉक्स ग्रिल ठोकलं होतं, भिंतीबाहेर चांगलं दोन फूट आलेलं.

नियम पाहिला तर यात वादाला जागाच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय सभासदाला फ्लॅटमध्ये फेरफार करता येत नाहीत, आणि बाहेरची भिंत तर सगळ्यांचीच. सेक्रेटरींनी नोटीस काढली : ग्रिल उतरवा. उत्तर लगेच आलं, सोबत इमारतीचे फोटो. ‘या बाकीच्या ग्रिलांना परवानगी असल्यास प्रत द्यावी.’ फोटोंतलं एक ग्रिल खुद्द चेअरमनसाहेबांचं होतं.

इथून पुढे दोन्ही बाजू ‘रजिस्ट्रारकडे जातो’ म्हणू लागल्या. अशा वेळी सगळेच हे म्हणतात. प्रत्यक्षात सोसायटीच्या ठरावावरून वाद असेल तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालय. बांधकाम अनधिकृत असेल तर महापालिका, म्हणजे १९६६ च्या नगररचना अधिनियमाची कलम ५३ ची नोटीस. उपनिबंधक काही ग्रिल उतरवायला माणसं पाठवत नाहीत. आणि न्यायालयाच्या तारखा पडत राहतात, तोवर लिफ्टमध्ये रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात.

म्हणून पुढची नोटीस काढण्याआधी आम्ही मोजपट्टी, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि एक फॅब्रिकेटर घेऊन सगळ्याच ग्रिलांची पाहणी केली. माझ्या मते वाद तिथेच अर्धा मिटला. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दोरीवरचा पांढरा सदरा दाखवला. “रोज सकाळी यांच्या कुंड्यांचं मातीचं पाणी धुतल्या कपड्यांवर पडतं हो!” दर्शनी भागाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर खिडकीला धरून उभं राहू लागलेलं मूल होतं, ग्रिल त्याच्यासाठी. कुंड्या नंतर आल्या, जागा दिसली म्हणून.

इंजिनिअर मात्र छज्जाकडे बघत होते. ग्रिलचे बोल्ट थेट छज्जात मारलेले. छज्जा असतो पाऊस अडवायला, ओल्या मातीच्या कुंड्या पेलायला नाही. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट सुटतं. सहाव्या मजल्यावरच्या जुन्या ग्रिलखाली ते सुटूही लागलं होतं, आणि त्याच्या बरोबर खाली मुलं सायकली लावतात. गेली कित्येक वर्षं त्या ग्रिलबद्दल एकही अर्ज आला नव्हता. शिवाय बहुतेक ग्रिलांना उघडणारी झडप नव्हती. आग लागली तर घरातल्यांना बाहेर काढायचं कुठून?

मग विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. अजेंड्यावर ‘चौथ्या मजल्याचं ग्रिल’ न लिहिता ‘इमारतीतील सर्व ग्रिल’ असं लिहिलं. एवढ्यानेच सभेतला आवाज बराच खाली आला. आर्किटेक्टकडून काढून घेतलेला एकच नकाशा मांडला : ग्रिल भिंतीच्या रेषेत, खिडकीच्या चौकटीत बसवलेलं, छज्जाला हात न लावता, एका बाजूला आतून उघडणारी झडप. कुंड्यांना गच्चीवर जागा. इमारतीच्या रंगकामासाठी परांची लागणारच होती; ती उतरायच्या आत प्रत्येकाने आपल्या खर्चाने बदल करायचा. बंद केलेल्या बाल्कन्या ठरावात घेतल्या नाहीत. तो बांधीव क्षेत्राचा, महापालिकेच्या मंजुरीचा प्रश्न. सोसायटीने कितीही हात वर केले तरी त्या नियमित होत नाहीत.

सभेचा निम्मा वेळ ग्रिलचा रंग काळा की तपकिरी यात गेला. लोकांना कुठेतरी भांडायचं असतंच, रंगावर भांडले तर बरं.

चेअरमनसाहेबांचं ग्रिल सगळ्यात आधी उतरलं. त्याची नोंद ठरावात नाही, पण त्यावाचून ठराव कागदावरच राहिला असता. चौथ्या मजल्याने नव्या नकाशाप्रमाणे ग्रिल बसवलं आणि काकांनी अर्ज लेखी मागे घेतला. एका सभासदाने अजून काहीच केलेलं नाही. त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली आहे.

तुमच्या इमारतीला यंदा रंग लागणार असेल, तर परांची बांधण्याआधीच्या सभेत ग्रिलचा नकाशा मंजूर करून घ्या. फॅब्रिकेटरला आगाऊ पैसे त्यानंतरच द्या.